पावलागणिक दोन इंच

बड स्वोबोडा स्वयंपाकघरात शिरला तेव्हा वेंडेल होल्ट्झ अंड्यावर मीठ टाकत होता. बडचं बोलणं संपलं तेव्हाही तो मीठच टाकत होता. बडने काय बातमी आणली असेल ते यावरून समजावं.

"पन्नास वर्षं झाली, पन्नास!" बडने हातातलं खोकं टेबलावर आदळलं. खोक्यात जांभळी जॅकेटं होती, पाठीवर रुपेरी शेपटीचा धूमकेतू. "चार जुलैच्या मिरवणुकीत आपलं ढोल-बिगुल पथक पुन्हा चालणार. अकरा जणांचा होकार आलाय. दोघांचे गुडघे नवे आहेत आणि एकाच्या हृदयातली झडप डुकराची आहे, पण चालतो म्हणतात."

"कशाला उकरून काढतोस रे ते सगळं?" चुलीकडे तोंड करून उभी असलेली आर्डिस म्हणाली. आर्डिस म्हणजे वेंडेलची बायको. "गाव विसरलंय."

"गाव विसरलेलं नाही, गाव लाजतंय. आणि ऐक, झेंडा तू धरायचास."

"नाही."

"अगं, ऐकून तरी घे."

"बड, मला लोकांसमोर मोजता येत नाही. हे तुला माहीत आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. ऐंशी पावलं! लहान मूलसुद्धा ऐंशीपर्यंत मोजतं." हे शेवटचं वाक्य तिचं नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी तिला कोणीतरी ऐकवलेलं होतं, आणि तिने ते जपून ठेवलं होतं.

बडने विषय बदलला. "बरं, दुसरी गंमत सांगतो. कारखान्याच्या आवारातल्या आपल्या सरावाच्या रेघा अजून दिसतात! पार फिकट झाल्यात, पण आहेत. नगरपालिका म्हणते, त्या पुन्हा रंगवा, बाजूला पितळी पाटी लावा. माझी पुतणी सर्वेक्षण खात्यात आहे ना, ती शनिवारी दहा वाजता लेसरचं यंत्र घेऊन येतेय. इंच न् इंच मोजून देणार."

"यंत्र कशाला हवं?" आर्डिस म्हणाली. "घरात वेंडेल आहे की. तीनदा मोजल्याशिवाय फरशीला हात लावत नाही तो. आणि त्या रेघा मुळात त्यानेच तर मारल्या होत्या."

वेंडेलने पहिला घास घेतला आणि ठसका लागून उठला. मिठामुळे, असं त्याने सांगितलं.

आमच्या क्रेसेंट फॉल्समध्ये वेंडेलचं फरश्या आणि गालिचे बसवण्याचं दुकान आहे. त्याच्याइतका चोख मोजणारा माणूस सबंध विस्कॉन्सिनमध्ये नसेल. गाव त्याला पाठीमागे 'तीनदा' म्हणतं. हा माणूस मोजमापाच्या बाबतीत इतका भित्रा का, हे कोणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्याने सांगितलं नसतं, कारण त्याचं कारण फार लाजिरवाणं होतं.

त्र्याहत्तर सालच्या हिवाळ्यात शतकातला सर्वांत मोठा धूमकेतू दिसणार म्हणून वर्तमानपत्रं ओरडत होती. आमच्याकडे विमा विकणारे रोलँड फिस्क नावाचे गृहस्थ होते. सैन्यात असताना त्यांनी बिगुल वाजवला होता. धूमकेतूची बातमी वाचून त्यांच्या अंगात आलं. गावातली साठ पोरंपोरी गोळा करून त्यांनी पथक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'कॉमेट्स'. नाताळाच्या सुमारास खरा धूमकेतू आला आणि गेला. आम्ही गोठ्याच्या छपरावर दुर्बिणी घेऊन बसलो, मान आखडली, आणि धुरकट ठिपक्यापलीकडे काही दिसलं नाही. शहाण्यांनी तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं. आम्ही जॅकेटं शिवायला टाकली.

खरं तर फिस्कसाहेबांपेक्षा गावच जास्त चेकाळलं होतं. पाण्याच्या टाकीवर 'कॉमेट्सचं गाव' असं माणसाच्या उंचीच्या अक्षरांत लिहिलं गेलं. देशभरच्या ढोल-बिगुल पथकांसाठी एक वर्तमानपत्र निघे, त्यात आमची पानभर जाहिरात झळकली: 'यंदा दुसरा क्रमांक कोणाला हवा?' ध्वनिमुद्रिकेची वेष्टणं छापून आली, आत घालायला मुद्रिका नव्हती. आयांनी रात्रंदिवस जांभळी जॅकेटं शिवली. आणि हे सगळं होईपर्यंत एकाही पोराने बिगुल वाजवत एकही पाऊल टाकलेलं नव्हतं. हे लिहिणाऱ्याच्या घरीही एक जॅकेट आहे. ते तळघरात आहे.

या स्पर्धांत पथकाने शंभर यार्डांच्या मैदानावर डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत वाजवत आणि आकृत्या करत जायचं असतं. दर पाच यार्डांवर एक पांढरी रेघ, दोन रेघांमध्ये बरोबर आठ पावलं. परीक्षक पाट्या घेऊन रांगांतून हिंडतात आणि पाय चुकला की गुण कापतात. म्हणजे सरावाला रेघा हव्याच. शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने आपलं गवत तुडवू द्यायला साफ नकार दिला. मग वाटाणे डबाबंद करणाऱ्या कारखान्याचं डांबरी आवार मिळालं. जूनअखेर वाटाण्याचे ट्रक सुरू होईपर्यंत ते रिकामंच असे.

वेंडेल तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याच्या बिगुलातून आवाज निघे, पण केव्हा निघेल ते त्यालाही ठाऊक नसे. म्हणून फिस्कसाहेबांनी त्याच्या हातात रंगाचा डबा आणि ब्रश दिला. "शंभर यार्ड, एकवीस रेघा. दुपारपर्यंत झालं पाहिजे."

वेंडेलने मोजलं. आवार एक्याण्णव यार्ड भरलं. पुढे कोळसा साठवायची विटांची कोठी होती. त्याने पुन्हा मोजलं. कोठी हलली नाही. तो धावत फिस्कसाहेबांच्या कचेरीत गेला तर साहेब फोनवर एका बातमीदाराला सांगत होते, "होय, होय, अगदी नियमाबरहुकूम मैदान आहे आमचं!" फोनवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "काय रे?"

"साहेब, ते आवार जरा..."

"रेघा किती सांगितल्या होत्या?"

"एकवीस."

"मग एकवीस मार. माझ्याकडे अडचणी आणू नकोस."

वेंडेलने एकवीस रेघा मारल्या. एक्याण्णव भागिले वीस, सगळ्या सारख्या अंतरावर, एकही तिरकी नाही. भूमितीच्या दृष्टीने काम निर्दोष होतं. फक्त दर पावलागणिक दोन इंच कमी पडत होते. दोन इंचांनी काय होतं, असं त्याला वाटलं. पावलं मात्र एकशे साठ होती.

तीन महिने साठ पोरं त्या रेघांवर चालली. पाय असे तयार झाले की डोळे बांधून सोडलं तरी रेघ चुकणार नाही. सर्वांत देखणी चाल आर्डिसची. तिच्याकडे राष्ट्रध्वज होता. झेंडा धरणाऱ्याने हनुवटी वर ठेवायची, खाली बघायचं नाही, ऐंशी पावलं मोजायची आणि बरोबर मधल्या रेघेवर थांबायचं. ती थांबायची तेव्हा वेंडेल काठावरून बघत राहायचा, आणि तो रेघांकडे बघत नसायचा.

एक जूनला शेजारच्या मोठ्या गावात पहिली स्पर्धा झाली. आम्ही सात बसगाड्या भरून गेलो. आर्डिसने हनुवटी वर ठेवून ऐंशी पावलं मोजली आणि थांबली. बाकीच्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून रेघा बघितल्या, आपण मागे पडतोय असं वाटून टांगा ताणल्या आणि कसेबसे रेघेवर पोचले. म्हणजे पथक मधल्या रेघेवर आणि झेंडा साडेचार यार्ड मागे, नेमका जिथून बास म्हणजे खर्जातल्या बिगुलांची रांग आडवी जायची तिथे. बडच्या खांद्यावरच्या त्या भल्यामोठ्या बिगुलामुळे त्याला एका बाजूचं काही दिसत नसे. तो सरळ आर्डिसवर जाऊन आदळला. झेंडा बिगुलाच्या तोंडावर गुंडाळला गेला, आणि बड इमानदारीने आतून वाजवत राहिला. राष्ट्रध्वजातून रेड्याच्या रेकण्यासारखा आवाज येतोय हे दृश्य स्टेडियमच्या पहिल्या रांगेत मानाने बसवलेल्या माजी सैनिकांनी उभं राहून पाहिलं.

शेवटी सगळी पथकं मैदानात उभी करून निकाल सांगतात, तळापासून वर. आमचं नाव पहिलं आलं.

परतीच्या बसमध्ये फिस्कसाहेबांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. "ऐंशी पावलं! लहान मूलसुद्धा ऐंशीपर्यंत मोजतं!" कोणी मागे वळून बघितलं नाही, त्यामुळे कोणाकडे बघायचं नाही ते सगळ्यांना कळलं. वेंडेल सांगायला उठला. खरंच उठला होता. तेवढ्यात शेजारी बसलेल्या आर्डिसने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती रडायला लागली. त्याआधी ती त्याच्याशी एकूण चार वाक्यं बोलली होती. वेंडेल खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात सराव झाला. एकही पाय चुकला नाही. आर्डिस ऐंशीव्या पावलाला बरोबर रेघेवर! आठवडाभर असंच. फिस्कसाहेबांनी पाद्रीबाबांना बोलावून बुटांवर तीर्थ शिंपडलं. मग दुसरी स्पर्धा झाली, आणि या वेळी झेंडा जमिनीला टेकला. समोरच्या रांगेतल्या म्हाताऱ्या सैनिकांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टोप्या काढल्या आणि पाठी फिरवल्या. त्यानंतर वाटाण्याचे ट्रक आले, आणि तेवीस जूनला कॉमेट्स संपले. फिस्कसाहेब ॲरिझोनाला निघून गेले आणि परीक्षक विकले गेले होते असं मरेपर्यंत सांगत राहिले. टाकीवरची अक्षरं पुसायला रंग कमी पडला, त्यामुळे बरीच वर्षं नुसतंच 'चं गाव' दिसत होतं.

आर्डिसने मात्र परीक्षकांना दोष दिला नाही. "आवारात मी बरोबर मोजते," ती म्हणायची, "लोकांसमोर गेले की गोंधळते. माझा स्वभावच तसा." त्यापुढचं सगळं आयुष्य तिने या वाक्याभोवती बेतलं. लग्न चर्चमध्ये केलं नाही, कारण दारापासून वेदीपर्यंत फार पावलं होती आणि दोन्ही बाजूंना लोक. कोर्टात केलं, तिथे दारापासून टेबलापर्यंत चारच पावलं होती. वाचनालयात तिने एकतीस वर्षं मागच्या खोलीत पुस्तकांना पुठ्ठे घातले. पुढच्या टेबलावर बसायला तीनदा बोलावलं, तीनदा नको म्हणाली. घरात पडद्याचं कापड आणायचं असलं तरी वेंडेलला हाक मारायची. "तू मोज रे. तुझं चुकत नाही." वेंडेल मोजायचा आणि त्या रात्री त्याला जेवण जायचं नाही.

आणि आता पन्नास वर्षांनी बडची पुतणी यंत्र घेऊन येणार होती.

शनिवारी सकाळी सात वाजता वेंडेल काळ्या रंगाची बादली घेऊन कारखान्याच्या आवारात पोचला. बेत सोपा होता. रेघा पुसून टाकायच्या, दहा वाजता पुतणीला शंभर यार्ड भरणारी दुसरी जागा दाखवायची आणि आठवण दगा देते असं म्हणायचं. कोळशाच्या कोठीमागून तो पुढे आला आणि जागच्या जागी थिजला.

आवारात आर्डिस होती. डाव्या टोकाकडून ती चालत येत होती. हनुवटी वर, खांद्याशी झेंड्यासारखा धरलेला झाडूचा दांडा, आणि तोंडाने मोजणं चालू. "सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी." ती थांबली. मग तिने भीत भीत खाली बघितलं. बूट मधल्या रेघेवर होते.

"वेंडेल!" तिला तो दिसला होता. अडुसष्ट वर्षांची बाई नाचायची तेवढी बाकी होती. "अरे बघ ना! बरोबर आलं! पायांना अजून आठवतंय. मला वाटलं, एकदा गुपचूप करून बघावं, जमलं तर बडला हो म्हणावं." मग तिची नजर खाली गेली. "बादली कसली?"

"रंग."

"काळा?"

"हो."

"पांढऱ्या रेघा रंगवायला काळा रंग?"

वेंडेलने या क्षणाचं भाषण पन्नास वर्षं घोकलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना. "आवार नऊ यार्ड कमी होतं," तो म्हणाला. "मी ते रेघांमध्ये जिरवलं."

आर्डिसने कोठीकडे आणि पायाखालच्या रेघेकडे बघितलं. मग तिने हात पुढे केला. "टेप आहे?"

"आहे."

"दोन रेघांमधलं मोज."

तो गुडघ्यांवर बसला. पंधरा फूट भरायला हवं होतं. "तेरा फूट, पावणेआठ इंच."

"पुन्हा मोज."

त्याने सवयीप्रमाणे तिसऱ्यांदाही मोजलं. आकडा तोच आला.

"बसमध्ये तुला माहीत होतं?"

"हो."

"मी रडत होते तेव्हा?"

"हो."

"कोर्टात सही करताना?"

"हो."

"मुलं झाली तेव्हा?"

"तेव्हा थोडे दिवस विसरलो होतो."

"एकतीस वर्षं पुठ्ठे घातले मी," आर्डिस म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "मागच्या खोलीत. तिथे खिडकीसुद्धा नाही, वेंडेल." मग तिने झाडूचा दांडा त्याच्या हातात दिला, गाडीत बसली आणि निघून गेली. तो बादली, टेप आणि दांडा घेऊन घरी चालत आला. रस्त्यात चौघांनी विचारलं, कुठे साफसफाई काढलीस म्हणून.

दहा वाजता यंत्र आलं. आर्डिस स्वतः हजर राहिली आणि आकडा तिने पुतणीकडून दोनदा मोठ्यांदा वदवून घेतला. पुढच्या तीन दिवसांत हा आकडा टपाल कचेरीत, वाण्याकडे, चर्चनंतरच्या कॉफीला, सगळीकडे पोचला. ती चिडून सांगत नव्हती. पाककृती सांगावी तसं नीट, क्रमाने सांगत होती. वेंडेल दुकानात बसून राही. काच पुसायच्या निमित्ताने लोक आत डोकावून जात. इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती, आणि ती वाटायलाच हवी होती. आम्हाला मात्र हलकं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पन्नास वर्षं सगळं गाव आपण मूर्ख ठरलो म्हणून मान खाली घालत होतं. आता एकच माणूस सापडला होता. सबंध गावाच्या वाटणीची मान त्याने एकट्याने खाली घातली, की आमचं काम झालं.

"आधी सांगितलं असतंस तर," बड त्याला म्हणाला, "मी आर्डिसची पन्नास वर्षं माफी मागितली नसती ना! दर नाताळाला केक नेऊन देतोय मी तिला. बिगुल आडवा गेला म्हणून."

"केक चांगले होते," वेंडेल म्हणाला. दुसरं काय बोलणार?

चौथ्या दिवशी आर्डिस त्याच्याशी बोलली. "झेंडा मी धरणार. आणि पावलं मी मोजणार. तू टेपला हात लावायचा नाहीस."

"नाही लावत."

तिने खरंच सगळं स्वतः केलं. मिरवणूक बँकेच्या कोपऱ्यावरून वळणार, तिथून सन्माननीय पाहुण्यांच्या मंचासमोर थांबायचं, झेंड्याने सलामी द्यायची आणि बिगुलांनी ललकारी वाजवायची. बँकेपासून मंचापर्यंत ती सहा वेळा चालली. एकशे बारा पावलं. तिने ते तळहातावर शाईने लिहून ठेवलं.

चार जुलैला ऊन चांगलं पडलं होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना घडीच्या खुर्च्या टाकून सगळं गाव बसलं होतं. सर्वांत पुढे आर्डिस, मग जांभळ्या जॅकेटांत बिगुलवाले, ढोलवाले, आणि सर्वांत मागे वेंडेल. त्याला झांजा दिल्या होत्या, पण शक्यतो वाजवू नकोस असं सांगितलं होतं. कोपरा वळला आणि आर्डिसने मोजायला सुरुवात केली. तिची ती चाल! इतकी वर्षं पुस्तकांच्या मागे लपलेली चाल बघायला जुने लोक खुर्च्यांतून उठले.

सत्तराव्या पावलाला कडेच्या खुर्चीतून कोणीतरी ओरडलं, "आर्डिस! काय सुंदर दिसतेस गं!"

लोकांसमोर तिला असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. ती हसली. हसू आवरून तिने मोजणं पुन्हा सुरू केलं ते एक्याण्णवपासून.

एकशे बारा झाले तशी ती थांबली. झेंड्याने सलामी दिली. मागून अकरा जणांनी जीव तोडून ललकारी वाजवली. समोर अग्निशमन दलाचा सॉसेजचा ठेला होता. सॉसेज परतणारा माणूस गोंधळला, मग त्याने हातातला चिमटा कपाळाला लावून सलामी स्वीकारली. मंच वीस पावलं पुढे होता. तिथे महापौर छातीवर हात ठेवून रिकाम्या रस्त्याकडे बघत उभे होते.

ललकारी संपली. कोणी टाळ्या वाजवेना. मागून बड कुजबुजला, "आर्डिस, किती मोजलीस?" तो कुजबुजला तरी सगळ्यांनी ऐकलं. आर्डिसची मान मागून लाल होत गेली. त्या बसमध्ये झाली होती तशीच. वेंडेलने ती मागून पाहिली.

त्याने झांजा इतक्या जोरात आपटल्या की ठेल्यावरचा चिमटा खाली पडला.

"माझी चूक!" तो ओरडला आणि रांगेतून वाट काढत पुढे चालू लागला. "थांबा! रस्ता मी मोजला होता! मी चुकीचा मोजला! तिला मी चुकीचा आकडा दिला!"

सबंध रस्ता हसायला लागला. "पुन्हा?" "अरे तीनदा, तुझी टेप रबराची आहे का?" "माझ्या बाथरूमचं माप यानेच घेतलंय रे!" खुर्च्यांवरून माणसं पडायची बाकी राहिली. कोणालाही, अगदी कोणालाही शंका आली नाही. वेंडेल मान खाली घालून आर्डिसच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

आर्डिसची हनुवटी वरच होती. ओठ न हलवता ती म्हणाली, "रस्ता मी मोजला होता."

"माहीत आहे."

"मग हेच त्या दिवशी बसमध्ये ओरडायला काय झालं होतं?"

"तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं होतंस. बोललो असतो तर उठून गेली असतीस."

आर्डिसने विचार केला. "गेलेच असते," ती म्हणाली आणि तिने झेंडा उचलला. "चल. झांजा नीट धर."

त्या सोमवारी दुकानात चार फोन आले. मोजमाप पुन्हा घ्या, आणि शक्यतो दुसऱ्या कोणाला पाठवा, असं सगळ्यांचं म्हणणं. वेंडेलने फोन आर्डिसच्या हातात दिला. "काळजी करू नका," ती ठामपणे म्हणाली, "आता माप घ्यायला मी स्वतः येते." गावाला फार बरं वाटलं. तेव्हापासून टेपचं एक टोक आर्डिसच्या हातात असतं आणि आकडा तीच मोठ्यांदा सांगते, समोर घरचे पाचसहा लोक उभे असले तरी. वेंडेल दुसरं टोक धरतो. पहिल्या दिवशी एकदा त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने ते मिटलं.

नाताळपर्यंत गावातल्या तीन स्वयंपाकघरांत फरशी भिंतीपर्यंत पोचली नाही. तिन्ही घरी माफी मागायला वेंडेल गेला.